उंदीर बारीक झाला, मग तुम्ही?

सध्या आपल्या पिढीच्या बॅगेत लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक आणि त्यांच्या जोडीला एक छोटीशी डबी असते. डबीत गुलाबी-जांभळ्या जेली. लहानपणी आठ आण्याला मिळायच्या तशाच दिसतात, फक्त किंमत विचारू नका. मेलाटोनिनच्या गमीज! झोप येत नाही? घे मेलाटोनिन. अमेरिकेहून परत आल्यावर दिवसरात्र उलटी झालीय? घे मेलाटोनिन. इथपर्यंत ठीक होतं. पण हल्ली या डबीला एक नवीन कीर्ती चिकटलीय. म्हणे, यानं वजन उतरतं. तेसुद्धा झोपल्या झोपल्या. ज्या शहरात माणूस रविवारी पहाटे घाम गाळत सिंहगड चढतो आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि दोन मडकी दही चापून खाली उतरतो, त्या शहरात अशी बातमी वाऱ्यासारखी पसरणारच.

‘अरे, रिसर्च आहे बॉस,’ असं सांगणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. रिसर्च आहे, हे शंभर टक्के खरं. तो कोणावर झालाय, एवढंच तो सांगत नाही. मी सांगतो. उंदरांवर.

आता उंदरांना कमी लेखायचं काही कारण नाही. आपण गिळतो त्यातली निम्मीअधिक औषधं आधी त्यांनीच पचवलेली असतात. म्हणून म्हटलं, उंदरांचं नक्की काय झालं ते तरी नीट वाचू. आणि मंडळी, प्रकरण सॉलिड इंटरेस्टिंग निघालं.

आधी थोडं या मेलाटोनिनबद्दल. याचा शोध लागला तो झोपेच्या नादात नव्हे, कातडीच्या. १९५८ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एरन लर्नर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाला कोडावर काही सापडतंय का, ते बघायचं होतं. कत्तलखान्यातून आणलेल्या गाईबैलांच्या हजारो पिनिअल ग्रंथी गाळून-गाळून त्यानं एक पदार्थ वेगळा काढला. त्यानं बेडकाची कातडी उजळ व्हायची. कोडावर उपयोग झाला नाही, पण पदार्थाला नाव मिळालं, मेलाटोनिन. ही पिनिअल ग्रंथी आपल्या मेंदूच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी. देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं तिथं आत्म्याचं आसन आहे असं ठरवून टाकलं होतं. बांधावरच्या सरड्याच्या टाळूवर बारीक ठिपका दिसतो ना, तो त्याचा खराखुरा तिसरा डोळा. आपली पिनिअल त्याच खानदानातली. आपल्याकडे तिला थेट उजेड दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याकडून मेंदूतल्या घड्याळाला आणि तिथून तिला निरोप येतो. अंधार पडला की ती मेलाटोनिन सोडते, उजेड झाला की बंद.

इथं एक मोठा गैरसमज आहे. आपल्याला वाटतं मेलाटोनिन म्हणजे झोपेचं औषध. तसं असतं तर उंदराला ते दिवसा सुटायला हवं, कारण तो दिवसा झोपतो. पण त्यालाही ते रात्रीच सुटतं, जेव्हा तो धान्याच्या कोठीत मजेत दिवाळी साजरी करत असतो. म्हणजे मेलाटोनिन ‘झोप’ असं सांगतच नाही. ते ‘रात्र झाली हो’ अशी दवंडी पिटतं. रात्री काय करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढे लागणार आहे.

तर प्रयोग. १९९९ साली सिएटलच्या डेनिस रासमुसेन आणि मंडळींनी दहा महिन्यांचे नर उंदीर घेतले. दहा महिने म्हणजे उंदरांच्या जगातली चाळिशी. पोट सुटलेलं, इन्सुलिन वाढलेलं, म्हणजे सेम टु सेम आपल्या बॉससारखे. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात मेलाटोनिन घातलं. दहा आठवड्यांत पोटाच्या आतली चरबी, इन्सुलिन आणि लेप्टिन हे सगळं चार महिन्यांच्या तरण्याताठ्या उंदरांच्या पातळीवर आलं! पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, याच गटाचा दुसरा पेपर आला. बारा आठवड्यांत मेलाटोनिनवाल्या उंदरांचं वजन इतरांपेक्षा ७ टक्के कमी, पोटातली चरबी १६ टक्के कमी, हालचाल १९ टक्के जास्त, अंगाचं तापमान अर्धा अंश वर. आणि खाणं? तेवढंच. पण त्याच पेपरात हेही लिहिलंय की अंगातली एकूण चरबी बदलली नाही. पोटातली कमी झाली, बाकीचं गणित तिथल्या तिथं. हे वाक्य व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये येत नाही.

२००३ साली फ्रान्समध्ये उंदरांना आधी तुपकट खाऊ घालून लठ्ठ केलं आणि मग मेलाटोनिन दिलं, तर तीन आठवड्यांत त्यांचं वाढणारं वजन निम्म्यावर आलं. स्पेनमध्ये ग्रानाडाच्या अहमद अगिल यांच्या गटानं जन्मजात लठ्ठ आणि मधुमेही अशा झुकर जातीच्या उंदरांवर सहा आठवडे प्रयोग केला. २०१३ साली त्यांनी दाखवलं की कातडीखालची पांढरी चरबी तपकिरी व्हायला लागते. पांढरी चरबी साठवते, तपकिरी जाळते. पांढरी म्हणजे बँकेतली एफडी, तपकिरी म्हणजे पगाराच्या दुसऱ्या दिवशीचं क्रेडिट कार्ड. आपल्या बडोद्यातही, सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात, रणजितसिंह देवकर यांच्या गटानं अलीकडच्या वर्षांत तूप-साखर खाऊ घातलेल्या छोट्या उंदरांवर हेच तपासलं, आणि मेलाटोनिननं त्यांच्या यकृताचं बिघडलेलं घड्याळ बरंचसं ताळ्यावर आल्याचं मांडलं.

इथपर्यंत वाचून तुमचा हात डबीकडे गेला असेल तर थांबा. हॅमस्टर बाकी आहेत.

सायबेरियन हॅमस्टरला थंडीची चाहूल लागली, म्हणजे रात्री लांबल्या आणि मेलाटोनिन जास्त वेळ सुटायला लागलं, की तो बारीक होतो. सीरियन हॅमस्टर? त्याच लांब रात्री, तेच मेलाटोनिन, आणि हा गडी जाड होतो. दवंडी एकच, ‘हिवाळा आला’. एक म्हणतो कमी खाण्यात भागवू, दुसरा म्हणतो आधी साठवून घेऊ. गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर. प्रश्न एवढाच की तुमच्या-माझ्या पोटात कोण बसलाय, सायबेरियन की सीरियन?

हा प्रश्न मला चेष्टेचा वाटत होता, तो चेष्टेचा राहिला नाही तो कासुर्डीत. कासुर्डी म्हणजे माझं आजोळ. दौंड तालुक्यात, यवतजवळ, पुणे-सोलापूर रस्त्यावर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव टोलनाक्याच्या पाटीवर वाचलं असेल आणि काच वर करून पुढे गेला असाल. ऊस, कांदा, गुऱ्हाळं असा हा पट्टा. लहानपणी आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा रात्री आठ म्हणजे मध्यरात्र. लाईट गेलेली, अंगणात वाकळा आणि वर आभाळ. आता ओसरीवर उभं राहिलं तर हायवेचे दिवे, ढाब्यांच्या रंगीत माळा, रस्त्याकडेच्या शेवंतीच्या प्लॉटवर लटकवलेले बल्ब. शेवंतीला रात्र लांब झाली की फुलं येतात. म्हणून मधेच बल्ब लावून तिला फसवायचं, फुलं लांबवायची आणि नेमकी सणाला तोडायची. झाडालासुद्धा रात्र मोजता येते म्हटल्यावर माणसाचं काय बोलायचं!

मामाच्या घरात तीन रात्री एकाच वेळी चालतात. पहिली मामाची स्वतःची. शेतीच्या पंपाची थ्री-फेज लाईट वर्षानुवर्षं पाळीनं येत आलीय, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आली, पण सगळ्यांची रात्रपाळी काही सुटलेली नाही. रात्री एकला मोटर सुरू करायची आणि बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायचं, कान बिबट्याकडे. दुसरी रात्र कोंबड्यांची. मामाची ब्रॉयलरची शेड आहे. सुरुवातीला शेडमध्ये जवळपास रात्रभर दिवे ठेवायचे, कारण उजेड असला की पिल्लू खात राहतं आणि लवकर वजन धरतं. लठ्ठपणा आणि उजेड यांचा संबंध प्रयोगशाळेनं सांगायच्या आधी पोल्ट्रीवाल्याला तोंडपाठ होता, फक्त त्याला त्यातून पैसे मिळायचे. पुढे लक्षात आलं की अखंड उजेडात पिल्लांचे पाय अधू होतात, पटापट मरतातसुद्धा. आता कंपनीचे डॉक्टरच सांगतात, काही तास पूर्ण अंधार ठेवा. मामा रात्री ठरल्या वेळी शेडचे दिवे न चुकता बंद करतो.

तिसरी रात्र मामेभावाची. वय एकतीस. खराडीतल्या एका कंपनीत अमेरिकन बँकेच्या ग्राहकांचे फोन घेतो. संध्याकाळी साडेसातला हायवेवर कॅब, सकाळी सातला परत. पाच वर्षं झाली. घराचा स्लॅब त्याच्या पगारावर पडला, बहिणीचं लग्न त्याच्यावर झालं. या पाच वर्षांत चौदा किलो वाढले आणि मागच्या महिन्यात कंपनीच्याच हेल्थ चेकअपमध्ये एचबीए१सी आली ६.१. म्हणजे अजून मधुमेह नाही, पण दारात चपला काढून उभा आहे. त्यानंच ती डबी आणली होती. मला म्हणाला, ‘दादा, तू लिहितोस ना हे सगळं. खरं सांग, यानं पोट जाईल का? आईला वाटतं मी तिथं पिझ्झाच खातो रोज.’

मामीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मध्यरात्री कॅन्टीन, तीनला चहा आणि वडा, पाचला कोणाचा तरी बर्थडे केक.

त्याला मी आधी उंदरांचा हिशेब सांगितला. प्रयोगांत बऱ्याचदा किलोमागे १० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिलेलं असतं, फ्रान्समध्ये तर ३०. उंदराचा डोस माणसाला लावताना सरळ वजनानं गुणत नाहीत, साधारण सहानं भागतात. तरीही सत्तर किलोच्या माणसाला रोज शंभर मिलिग्रॅमच्या वर गिळावं लागेल. गोळी असते ३, ५, फार तर १० ची. सिएटलच्या उंदरांना मात्र अगदी थोडं पुरलं होतं, म्हणजे डोस हाच सगळा मुद्दा नाही, हे कबूल. मग माणसांवर? डेन्मार्कमध्ये मासिक पाळी थांबलेल्या ८१ स्त्रियांना वर्षभर १ किंवा ३ मिलिग्रॅम किंवा नुसती खोटी गोळी दिली. २०१६ साली निकाल आला. मेलाटोनिनवाल्यांची चरबी सुमारे ७ टक्क्यांनी कमी, वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. बरी बातमी आहे, पण ती आमच्या पंचेचाळीस इंची कमरेची नाही. आणि डबीवर लिहिलंय तेवढंच डबीत असेल असंही नाही. २०२३ साली अमेरिकेत २५ प्रकारच्या गमीज तपासल्या, त्यातल्या २२ लेबलशी जुळल्या नाहीत. एकीत मेलाटोनिन नव्हतंच, एकीत लिहिल्याच्या साडेतीनपट!

‘म्हणजे टाकून देऊ?’ तो म्हणाला. म्हटलं, थांब, अजून एक उंदीर राहिलाय.

हा माझा सगळ्यात लाडका प्रयोग. २०१० साली ओहायोमध्ये लॉरा फोंकेन आणि रँडी नेल्सन यांच्या गटानं छोट्या उंदरांना औषध-बिवषध काही दिलं नाही. रात्री फक्त मंद दिवा ठेवला, ५ लक्सचा, आपल्या झीरोच्या बल्बसारखा. खाणं तेवढंच, धावपळ तेवढीच. आठ आठवड्यांत अंधारात झोपणाऱ्या-उठणाऱ्या भावंडांपेक्षा त्यांचं वजन दीडपट वेगानं वाढलं, साखर हाताळण्याची ताकद घटली. कारण काय? त्यांच्या खाण्याची वेळ सरकली. एरवी उंदीर दिवसा एक तृतीयांशाच्या आसपास खातो, हे निम्म्याहून जास्त दिवसा खायला लागले, म्हणजे त्यांच्या झोपेच्या वेळी. मग संशोधकांनी दिवा तसाच ठेवला, पण खाणं फक्त रात्री, त्यांच्या हक्काच्या वेळी दिलं. वजन वाढलंच नाही.

हे सांगितल्यावर भाऊ जरा सरसावून बसला. कारण माणसांवरही याच्या जवळचं काम झालंय. २०२१ साली बोस्टनमध्ये १९ जणांना प्रयोगशाळेत नाइट शिफ्टसारखं जागवलं. ज्यांनी रात्रीही खाल्लं त्यांची साखर साडेसहा टक्क्यांच्या आसपास वर गेली, ज्यांनी खाणं दिवसापुरतं ठेवलं त्यांची गेली नाही. आणि मेलाटोनिनचा दुसरा चेहरा इथं दिसतो. ते अंगात भरपूर असताना स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायचा उत्साह कमी असतो. स्पेनमध्ये २०२२ साली ८४५ जणांवर तपासलं, झोपायच्या चार तास आधी साखरेचं पाणी दिलं तर एक आणि तासभर आधी दिलं तर भलतंच. उशिरा घेतलेल्यांचं इन्सुलिन कमी, साखर जास्त. काही जणांत एका जनुकाच्या फरकामुळे हा त्रास आणखी मोठा. म्हणजे रात्री अकराला बिर्याणी आणि साडेअकराला गमी, हा आपला आवडता कार्यक्रम, म्हणजे आगीत तेल.

त्यात आपलं शरीर. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळंतिणी आणि बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ ची. पण आपली बाळं बारीक असूनही चरबी राखून असतात. वजन कमी पडतं ते स्नायूंत. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा एक भन्नाट फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२! उंदीर इथेही आहेतच. आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास छापला. त्यांचं इन्सुलिन जास्त, बी-१२ कमी, लठ्ठपणा आणि मधुमेहाकडे झुकाव. मग दोन पिढ्या पोटभर जेवायला दिलं, तरी ते पूर्ववत झाले नाहीत. दुष्काळी भागातून आलेल्या, आजोबांनी सुकडी खाल्लेल्या घरातल्या पोरानं रात्री दोनला चीजबर्स्ट पिझ्झा खाल्ला तर त्याच्या पेशींना काय वाटत असेल! बहुधा आपण सीरियनच, आधी साठवून घेऊ म्हणणारे. हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे.

गंमत अशी की कासुर्डीहून पुण्याकडे निघालं की उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम लागतो. शहरातले लोक पैसे मोजून तिथं वजन उतरवायला जातात. जाऊन आलेला माझा मित्र सांगत होता, संध्याकाळी लवकर जेवण आणि रात्री लवकर सामसूम, यानंच अर्धं काम झालं. म्हणजे माझ्या आजीच्या घरात जे फुकट होतं, ते.

भाऊ मात्र आश्रमात जाऊ शकत नाही. घराचा हप्ता आहे. त्यामुळे आम्ही दोघांनी आणि मामीनं ओसरीवर बसून जे ठरवलं ते साधंच होतं, आणि त्याच्या डॉक्टरांनीही त्याला मान डोलावली. कॅब यायच्या आधी, सातला, पोटभर जेवण. भाकरी, डाळ, भाजी, हवं तर अंडी. रात्री कॅन्टीनमध्ये ताक किंवा बिनसाखरेचा चहा, केक आला की हसून टाळ्या वाजवायच्या. सकाळी परतताना उन्हाचा चष्मा, खोलीला जाड पडदे, घरी आल्यावर हलकं काहीतरी आणि झोप. मेलाटोनिन घ्यायचं की नाही आणि कधी, ते डॉक्टर ठरवतील, पण घेऊन बाइकवर बसायचं नाही एवढं मी बजावलं. मामीनं पडद्यांसाठी जुन्या सतरंज्या काढल्या. मामा शेडकडे बघत म्हणाला, ‘कोंबड्यांचं टायमिंग मी सांभाळतो, पोराचं कोण सांभाळणार?’

पहिल्या पंधरवड्यात दोनदा मोडलं. एकदा टीमनं टार्गेट पूर्ण केल्याची पार्टी, एकदा कॅब सहालाच आली आणि जेवण राहिलं. बाकीचे दिवस जमलं. पुढची रक्ततपासणी तीन महिन्यांनी आहे. मधल्या काळात त्यानं दिवसपाळीसाठी अर्ज केलाय. नाइट अलाउन्स जाईल, साडेचार हजार. टीम लीडर म्हणाला, बघू.